वाळूत चालायला शिकताना

आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नर्स तिला सांगत होती, "म्हातारे, बघ, तुला न्यायला सिस्टर आल्यात." आजीने मान वळवली नाही. भिंतीलाच म्हणाली, "मना कोनी न्यायचा नाय. माझा पोरगा येल, तो नेल."

डहाणूच्या दवाखान्यातून आम्हाला अधूनमधून असे फोन येतात. एखादं म्हातारं माणूस बरं होतं, पण त्याला घरी न्यायला कोणी नसतं. आशागडच्या बाजूला चिकूच्या वाड्यांमध्ये आमच्या संस्थेचं वृद्धांसाठी घर आहे. आम्ही मोजक्या सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, तिथे राहतो. फोन आला की आमच्यापैकी एकजण जाते, बघते आणि शक्य असेल तर त्या माणसाला घेऊन येते. त्या दिवशी मी गेले होते.

आजी झाईची. झाई म्हणजे अगदी गुजरातच्या हद्दीवरचं कोळ्यांचं गाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगा. ती सुकी मच्छी घेऊन तलासरीच्या बाजारात बसायची आणि मुलगा गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. आमच्या किनाऱ्यावरची आणि आतल्या पाड्यांतलीसुद्धा पुष्कळ पोरं तशी जातात. पावसाळा संपला की गेली, ती पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी परत. आजीचा मुलगा मात्र परतला नाही. त्याची बोट समुद्रात पाकिस्तानच्या लोकांनी पकडली आणि सगळे खलाशी तिकडच्या तुरुंगात गेले. मी आजीला भेटले तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं उलटून गेली होती.

शेजाऱ्यांनी तिला जमेल तसं सांभाळलं. मग एक दिवस ओल्या खडकावरून पाय घसरून ती पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथून डहाणूला आणलं. शेजारी रोजावर जाणारे. दिवसभर उशापायथ्याशी कोण बसणार?

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आजी, मुलगा येईपर्यंत चल माझ्याबरोबर."

आता तिने माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचं कापड, गळ्यातला क्रूस, सगळं नीट न्याहाळलं. "तुमच्याकडं माणसं मरायला येतात," ती म्हणाली. "मना ठाऊक हाय. बाजारात बाया बोलतात."

मी खोटं बोलले नाही. "येतात. पण तू मरायला नको येऊस."

"मग काय करायला येऊ?"

"चालायला."

तिची बोली मला इथे जशीच्या तशी उतरवता येणार नाही. त्यात मराठी होती, गुजराती होती आणि त्यांच्या किनाऱ्याचं आणखी काहीतरी होतं. मी वसईकडची. आमच्या घरी शेतवाडी, केळी आणि भाजीपाला. आमचीही बोली वेगळी. सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींना अर्ध्याच कळायचो. पण "चालायला" हा शब्द तिला पूर्ण कळला. ती उठून बसायची धडपड करू लागली.

या कामात मी ठरवून आले नव्हते. नर्सिंग शिकून मी व्रत घेतलं तेव्हा मला लहान मुलांच्या वॉर्डात काम हवं होतं. संस्थेने मला काही महिन्यांसाठी म्हणून म्हाताऱ्यांकडे पाठवलं. पहिले दिवस मी फार रडले. कोणी दात काढून माझ्या हातात द्यायचं, कोणी अंथरुणात घाण करून माझ्यावरच चिडायचं. मग एकदा एका आजोबांची नखं कापत होते. ते म्हणाले, "बायको गेल्यापासून माझा हात असा कोणी धरला नव्हता." ते सहज बोलले, मला खूश करायला नाही. पण त्यानंतर मी बदली मागितली नाही आणि कोणी विचारलं तरी नको म्हटलं. घरी आईला कळेना. शाळेतल्या सिस्टरना मुलं मोठी होऊन भेटायला येतात, तुला कोण येणार, असं ती म्हणायची. मी म्हणायचे, नाही कोणी आलं तर नाही.

आजीला घेऊन आले तेव्हा आमच्या मदर दारातच उभ्या होत्या. मदर म्हणजे आमच्या घराच्या प्रमुख सिस्टर. कष्टाळू बाई, मनाने मऊ, पण पाय जमिनीवर. आजीला पलंगावर नीट झोपवून मी बाहेर आले, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काठीने घरातल्या घरात फिरली तरी पुष्कळ, म्हणाले."

"आणि तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"चालायला चल, म्हणून." मदरना ते पुरलं. "सिस्टर, तिचा मुलगा कधी सुटेल ते कोणाला माहीत नाही. ती चालेल की नाही तेही माहीत नाही. खोटी आशा लावणं ही सेवा नाही हो."

"खोटी आहे की खरी, ते तिला करून बघू दे," मी म्हटलं.

मदरनी मला अडवलं नाही. पण माझ्यावर त्यांचं लक्ष राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरुवात केली. डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम आधी पलंगावर, मग वॉकर धरून उभं राहणं. तिला फार दुखायचं. ती ओठ आवळायची आणि मग ओठ सुटले की शिव्या सुटायच्या. त्या काही भिंतीला असायच्या, काही मला आणि पुष्कळशा त्या खडकाला. आमच्याकडे एक रिटायर्ड रेल्वे गार्ड राहायचे. मुलगा परदेशी, स्वतःचं पेन्शन, स्वभाव शिस्तीचा. ते पेपर खाली करून म्हणायचे, "सिस्टर, चॅपेल शेजारी आहे, जरा विचार करा." मी म्हणायचे, "देवाला गुजराती येतं, काका. त्याने सगळं ऐकलेलं आहे."

आयुष्यभर मच्छी विकलेली बाई. तिच्याकडून काही करून घ्यायचं तर घासाघीस करावी लागे, हे मला लवकरच कळलं.

"आज दारापर्यंत," मी म्हणायचे.

"दार लांब हाय. खिडकीपर्यंत."

"खिडकीपर्यंत काल गेलीस. आज दार."

"कपाट," ती म्हणायची. कपाट बरोबर मध्ये.

"बरं, कपाट. पण जाऊन परत यायचं."

यावर ती माझ्याकडे असं बघायची की जणू मी तिच्या गळ्यात खराब माल मारला. पण कपाटापर्यंत जायची आणि परत यायची. पावसाळा सरला तोवर ती वॉकरने सबंध व्हरांडा फिरू लागली. फरशी गुळगुळीत, कठडा हाताशी. गार्ड काका तिच्या फेऱ्यांवर नजर ठेवून असायचे आणि वाटेत कोणी खुर्ची ठेवली तर ओरडायचे.

मग एक बातमी आली. पाकिस्तानने काही खलाशी सोडले. टीव्हीवर दाखवलं, हार घातलेली माणसं, रडणारी माणसं. आजी टीव्हीच्या अगदी जवळ उभी राहून प्रत्येक चेहरा बघत होती. संध्याकाळी झाईहून तिच्या शेजारणीचा फोन आला. गावातली काही पोरं सुटली होती. आजीचा मुलगा त्यांत नव्हता. तो जिवंत आहे, तब्येतीने बरा आहे, एवढं परत आलेल्यांनी सांगितलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वॉकर कोपऱ्यात तसाच. मी पेज घेऊन गेले, तिने हात मारून वाटी उलटवली. मी गोड बोलले, रागावले, शेवटी म्हणाले, "आजी, तुझा मुलगा तिकडे रोज उठत असेल. त्याला कोणी विचारत नसेल उठावंसं वाटतं का. आणि तू इथे पडून राहतेस?"

ती ताडकन वळली. "तू कोन मना सांगनारी? तुला पोर हाय? पोट फाडून काढलाय कोनाला? दुसऱ्याच्या आया धुवायच्या, एवढाच तुझा जन्म!"

सगळी खोली ऐकत होती. मी सांडलेली पेज पुसली आणि बाहेर गेले.

मला लागलं. खूप लागलं. माझ्या बहिणीच्या मुलांची लग्नं होतायत एवढं माझं वय आहे. हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता असं नाही. तरुणपणी विचारला, चाळिशीत पुन्हा विचारला, आणि दोन्ही वेळा उत्तर देऊन पुढे गेले. पण असं मोठ्याने कोणी तोंडावर फेकलं नव्हतं. प्रार्थनेला बसले तर शब्द तोंडात येईनात. मदर शेजारी होत्या. प्रार्थना झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "उद्यापासून त्या खोलीचं काम दुसऱ्या सिस्टरला देऊ का?"

"नको," मी म्हटलं.

सकाळी चॅपेलमधली मिस्सा, म्हणजे आमची उपासना, झाल्यावर मी सरळ तिच्या पलंगाशी गेले. वॉकर आणून समोर ठेवला. ती जागी होती, डोळे सुजलेले.

"आजी," मी म्हटलं, "मला पोर नाही. तुला आहे. ऊठ."

बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मी हललेच नाही. शेवटी तिने हात पुढे केला. दोन दिवस उपाशी, पाय थरथरत होते. तिचा तोल गेला तसा मी एका बाजूने आधार दिला आणि दुसऱ्या बाजूने आणखी कोणीतरी दिला. बघते तर मदर. कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी पदर खोचावा तसा कमरेचा पट्टा आवळला आणि आजीला म्हणाल्या, "आज दारापर्यंत."

"कपाट," आजी म्हणाली.

त्या वर्षी हिवाळ्यात आजीने हट्ट धरला, घर बघून यायचं. आमची गाडी दुसऱ्या कामाला जायची होती, ती मदरनी आम्हाला दिली. घोलवड, बोर्डी करत आम्ही झाईला पोहोचलो. रस्ता संपतो तिथून आजीचं घर फार लांब नाही, पण मध्ये सगळी वाळू. आजीने वॉकर टाकला आणि त्याचे पाय वाळूत बुडाले. उपसला, पुन्हा टाकला, पुन्हा बुडाले. शेजाऱ्यांनी खुर्ची आणली आणि तिला खुर्चीत बसवून उचलून दारात नेलं. बायका जमल्या, कोणी चहा आणला. शेजारणीने घर झाडून ठेवलं होतं, छपरावर नवी ताडपत्री घातली होती. सगळे खूश होते. आजी एकटी दाराबाहेरच्या वाळूकडे बघत होती.

एव्हाना ती मला बेन, म्हणजे बहीण, म्हणू लागली होती. परतताना गाडीत ती म्हणाली, "तुझ्या फरशीवर चालून मी काय करू, बेन? माझ्या दारात फरशी नाय."

खरं होतं. इतके महिने मी तिला आमच्या घरात चालायला शिकवत होते. जिथे तिला जायचं होतं तिथे ते चालणं कामाचं नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धोका आहे, पुन्हा पडली तर कठीण, पण पायात जोर आलाय, करायचं तर ओल्या घट्ट वाळूपासून सुरू करा आणि हात सोडू नका. मग आम्ही डहाणूच्या बीचवर जाऊ लागलो. आठवड्यातून जमेल तितक्या संध्याकाळी. वॉकर सोडला, जाड काठी घेतली, एक बाजू माझी. सुरूच्या झाडांखाली लोक फिरायला आलेले असायचे, ऑफिसातले साहेब, बँकेतल्या बाई, त्यांची मुलं. एक पांढऱ्या झग्यातली सिस्टर आणि तिच्या खांद्याला लटकलेली, कासोटा घातलेली, शिव्या देणारी म्हातारी, हे दृश्य त्यांना नवीन होतं. काही हसायचे. एकदा एका बाईंनी थांबून विचारलं, "कशाला त्रास देता बिचारीला या वयात?" मी उत्तर द्यायच्या आधी आजीच म्हणाली, "माझ्या घरात वाळू हाय. तुझ्या घरात लादी हाय. तू जा."

गार्ड काका हट्टाने बरोबर यायचे. ते शुद्ध शाकाहारी, मच्छीचा वास आला की नाकाला रुमाल लावणारे. पण पुढे जाऊन उभे राहायचे आणि वाळू मऊ लागली की हात आडवा करून आजीला थांबवायचे, घट्ट लागली की पुढे बोलवायचे. आजी म्हणायची, "ह्यो मोठा इष्टेशन मास्तर." काका म्हणायचे, "गार्ड. मास्तर वेगळा."

ती दोनदा पडली. एकदा मीही तिच्याबरोबर पडले. ओली वाळू झटकत आम्ही उठलो, हाडं चाचपली, शाबूत होती. त्या दिवशी घरी आल्यावर मदरनी आमच्याकडे पाहिलं आणि गरम पाणी ठेवायला सांगितलं. थांबा, असं त्या म्हणाल्या नाहीत.

सुटकेची बातमी आली ती साध्याच एका दुपारी. आजी व्हरांड्यात लसूण सोलत बसली होती. शेजारणीचा फोन, मागे गलका. या वेळी तो होता. नाव दोनदा विचारून खात्री केली. मी फोन आजीच्या कानाला लावला. ऐकून झाल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला. उरलेला लसूण सोलून संपवला. मग म्हणाली, "माझा हिरवा लुगडा धुवायला काढ."

तिकडून सीमा, मग गुजरात, तिथली चौकशी, कागदपत्रं, असं होत होत तो डहाणू रोडला उतरणार होता. मी म्हटलं, "आजी, त्याला सरळ इथे आणू." तिने ऐकलं नाही. स्टेशनवर गर्दी होती. बाकावर बस म्हटलं तर बसेना. काठी टेकून उभी. गाडी आली, माणसं उतरली, वाट देत पांगली आणि एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस पिशवी छातीशी धरून उभा राहिला. मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. आजी मात्र माझा हात सोडून निघाली. काठीवर, एका पायाने लंगडत, एकटी. तो तिच्या पायाशी वाकला तेव्हा तिने त्याच्या पाठीत जोराने एक गुद्दा घातला आणि म्हणाली, "एवढा सुकलास?" मग दोघं रडली.

मला वाटलं, झालं. गोष्ट चांगली संपली. मी मनात ठरवलंही होतं की आजी आमच्याकडेच राहील. मुलगा कामाला जाईल, सुट्टीला भेटेल. तिला तरी तिथे कोण बघणार? पण आमच्या पाहुण्यांच्या खोलीत मुलगा राहिला ते काही दिवस आजीने नीट पाहिले. त्याला बंद दाराआड झोप येत नव्हती. ताटात वाढलेलं भराभर खाऊन तो ताट हाताने झाकायचा. कोणी मागून आलं की दचकायचा. बोलायचा अगदी थोडं. एकदा मला म्हणाला, "सिस्टर, समुद्राचा आवाज ऐकला तरी मी कान झाकून घेतो. आता मी काय करू? दुसरं मला काय येतं?"

आजीने आपलं बोचकं बांधलं.

मदर तिला समजावू लागल्या. "आजी, तुमचं वय बघा. स्वयंपाक, पाणी, कसं होणार?"

"होल," आजी म्हणाली.

"आणि पडलात तर?"

"पडून उठायचा शिकलंय ना इथंच."

मीही आत जाऊन तिला म्हटलं, "आजी, तुला बघायला तिथे कोणी नाही."

तिने बोचक्याची गाठ आवळली. "मना बघायचा नाय, बेन. त्याला बघायचाय."

इतकी वर्षं मी एक धरून चालले होते की म्हातारं माणूस म्हणजे ज्याला सांभाळायचं ते. आमच्या फाटकातून लोक आत येतात आणि पुढे आम्ही त्यांना त्यांच्या त्यांच्या रीतीने निरोप देतो. कोणाचे दहन, कोणाचे दफन. सामान घेऊन कामावर निघालेली म्हातारी मी तोवर पाहिली नव्हती. गार्ड काकांनी तिला आपली छत्री दिली. तिने ती उघडून बघितली, काड्या तपासल्या, मग घेतली.

नंतरच्या महिन्यात मी बस पकडून झाईला गेले. मला भीती वाटत होती. घर उघडं होतं. मुलगा गावामागच्या एका चिकूच्या वाडीत मजुरीला लागला होता. समुद्राकडे पाठ करून काम करता येतं म्हणून त्याला ते बरं वाटत होतं, असं आजी म्हणाली. रात्री तो ओट्यावर झोपायचा आणि ती दारात, आडवी, म्हणजे त्याला जाग आली तर कोणीतरी दिसावं. ती लंगडत होती, हाताला भाजलेलं होतं, घरात पसारा होता. पण चूल पेटलेली होती. पुढे एका पावसाळ्यानंतर मुलगा गावातल्याच छोट्या होडीवर जाऊ लागला, किनारा दिसेल एवढ्याच अंतरावर. गुजरातच्या बोटीवर तो पुन्हा गेला नाही. अजूनही फारसा बोलत नाही. आजी म्हणते, बोलेल.

त्या पहिल्या भेटीत मी चहा पिऊन उठले तर आजीने माझा हात धरला. "बस कधी हाय तुझी?"

"आहे अजून वेळ."

"मग चल."

तिने मला शेजारच्या गल्लीतल्या एका घरात नेलं. आत अंधारात एक म्हातारा पडलेला, अंगाला वास येत होता, पाठीला जखम झालेली. सून दोन लहान मुलांना घेऊन गोंधळून उभी. मुलगा बोटीवर. सुनेची चूक नव्हती. तिला कोणी काही दाखवलं नव्हतं, एवढंच.

"ही आमची बेन," आजीने सांगितलं. "हिला सगळा येतो. लाजू नको."

संध्याकाळी घरी आल्यावर मी मदरना सगळं सांगितलं. म्हटलं, ही माणसं आपल्या घरी यायची नाहीत आणि यायला नकोतही. त्यांची माणसं आहेत, घर आहे. आठवड्यातून एक दिवस मला द्या, मी किनाऱ्याने फिरते. मदरनी विचारलं, "आणि इथलं तुमचं काम?" मी म्हटलं, "पहाटे लवकर उठून करीन." त्या म्हणाल्या, "दोन दिवस घ्या. एक दिवस तलासरीकडच्या पाड्यांसाठी."

आता ते दोन दिवस मी बसने फिरते. पिशवीत मलमपट्टी, साबण, नखं कापायची कात्री, स्वच्छ जुन्या चादरी. काही घरांत लोक विचारतात, धर्म बदलायला आलात का. मी म्हणते, पाठ धुवायला आले, आत येऊ का? बहुतेक ठिकाणी आत घेतात. जिथे घेत नाहीत तिथे मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते.

पण त्या पहिल्या दुपारी मी काहीच बरोबर नेलं नव्हतं. मी म्हाताऱ्याच्या उशाशी बसले, माझं नाव सांगितलं, त्याचं विचारलं. त्याला कुशीवर कसं वळवायचं ते सुनेला दाखवलं. आजी दारात काठी टेकून उभी होती आणि सुनेवर ओरडत होती, पाणी गरम कर, कापड आण, पोरांना बाहेर काढ. सुनेने पातेलं आणलं. मी बाह्या वर केल्या आणि पाण्यात हात घालून ते फार कढत नाही ना, ते पाहिलं.